पुणे ते कन्याकुमारी आणि परत : स्वतःच्या गाडीने जायची आखणी

मोबाइलच्या नकाशावर पुणे ते कन्याकुमारी टाकलं की साधारण दीड हजार किलोमीटर आणि सव्वीस-सत्तावीस तास असं उत्तर येतं. हा तासांचा आकडा बघूनच पुष्कळ घरांत आखणी चुकते. ‘पहिल्या दिवशी बेंगळुरू, दुसऱ्या दिवशी थेट कन्याकुमारी’ असं ठरतं. मग जेवणं, टोलनाके, रस्त्याची कामं, मागच्या सीटवर कुणाला तरी मळमळणं या सगळ्याची वेळ रात्रीच्या झोपेतून वजा होते आणि गाडी चालवणारा माणूस तिसऱ्या दिवशी पार थकलेला असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, आखणी किलोमीटरवर करू नका, उजेडावर करा. रोज पहाटे साडेपाचला निघायचं आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायचं. याने दिवसाला सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर आरामात होतात, अगदी मोकळ्या रस्त्यावर पाचशे. त्यापुढे जाऊ नये.

हा नियम भित्रेपणाचा नाही. नोव्हेंबर ते मार्च हा ऊसतोडीचा हंगाम. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, निपाणीच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर महामार्गावर येतात. कित्येकांना मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला असतो, आणि ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस समोरून येणाऱ्या हेडलाइटच्या झोतात दिसतच नाही. तुम्ही ताशी नव्वदने, तो ताशी पंधराने. दिसेपर्यंत ब्रेक दाबायला जागा उरलेली नसते. दिवसा हाच ट्रॅक्टर अर्ध्या किलोमीटरवरून दिसतो.

निघायचं कधी

तमिळनाडूचा मुख्य पाऊस आपल्यासारखा जून-सप्टेंबरचा नसून ऑक्टोबर ते डिसेंबरचा असतो. दिवाळीच्या सुट्टीत निघणारी मराठी कुटुंबं हे हमखास विसरतात. डिसेंबर २०२३ मध्ये १७-१८ तारखेला तिरुनेलवेली-तूत्तुकुडी भागात पुराने हाहाकार माजला होता. मे महिन्यात मदुराईचं ऊन लहान मुलांना आणि वयस्कांना सोसत नाही.

सगळ्यात चांगला काळ म्हणजे जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी. जानेवारीच्या मध्याला पोंगल येतो. त्या चार-पाच दिवसांत अख्खं तमिळनाडू गावी निघालेलं असतं, टोलनाक्यांवर रांगा लागतात, लॉज भरलेले असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलैचे भाविक कन्याकुमारीलाही येतात. नाताळची सुट्टी हीच एक सोय असेल तर जरूर जा, पण मदुराई आणि कन्याकुमारीच्या खोल्या महिनाभर आधी पक्क्या करा. परतीच्या वाटेवरच्या तिरुवण्णामलैत पौर्णिमेला गिरिप्रदक्षिणेसाठी लाखो लोक येतात, रस्ते बंद होतात. परतीची तारीख पौर्णिमेवर येत नाही ना, हे कॅलेंडरमध्ये बघून घ्या. आणि १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातला काळा दिन एकाच दिवशी असतो तेव्हा, बेळगावातून जाणं टाळलेलं बरं.

गाडी

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नका. दोन आठवडे आधी करा आणि नंतर गाडी रोजच्या कामाला वापरा. एखादा पाइप सैल राहिला असेल, कूलंट गळत असेल तर ते घराजवळ कळतं. मेकॅनिकला ‘लांब जायचंय, बघून घ्या’ एवढंच सांगून भागत नाही. ब्रेक पॅड किती उरलेत, बॅटरी भार घेते का, कूलंटचे पाइप कडक झालेत का, वायपरची रबरं, एसीचा फिल्टर, सगळे दिवे, हे एकेक करून विचारा आणि उत्तर घ्या. बॅटरीला तीन-साडेतीन वर्षं झाली असतील तर मी ती बदलूनच निघेन.

टायरकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. कायद्याने खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर लागते, पण एवढ्या प्रवासाला तीनाच्या खाली गेलेला टायर नको. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२१ असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षांपलीकडचा टायर, खाचा शाबूत दिसल्या तरी, उन्हात तापलेल्या काँक्रीटवर फुटू शकतो. स्टेपनीवरचे आकडेही वाचा. ती कधीच वापरलेली नसते, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. हवा सकाळी टायर थंड असताना भरा, आणि किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर वाचा. पूर्ण भरलेल्या गाडीचा आकडा तिथे वेगळा दिलेला असतो आणि तो जास्त असतो.

सोबत ठेवायचं सामान थोडंच आहे: गाडीच्या बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप, ट्यूबलेस पंक्चरचं किट, जंप केबल, टॉर्च, लाल त्रिकोण, टोइंगचा पट्टा. जॅक आणि पाना जागेवर आहेत का, आणि त्या पान्याने नट खरोखर सुटतात का, हे घरी करून बघा. सर्व्हिस सेंटरमध्ये मशिनने आवळलेले नट हाताने सुटत नाहीत, असं वारंवार होतं.

जड बॅगा डिकीत तळाशी, मागच्या सीटला टेकवून ठेवा. मागच्या काचेसमोरच्या फळीवर काहीही नको. करकचून ब्रेक लागला की तिथली पाण्याची बाटली पुढे येऊन डोक्यात बसते.

कागदपत्रं आणि टोल

आरसी, लायसन्स, विमा, पीयूसी हे चारही डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये असले तरी चालतात. तरी झेरॉक्सचा एक संच गाडीत असू द्या. विमा आणि पीयूसीची मुदत प्रवासाच्या मध्येच संपत नाही ना, ते पाहा. विमा कंपनीची रोडसाइड असिस्टन्स सेवा तुमच्या पॉलिसीत आहे का, हे फोन करून विचारा आणि तो नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. सीएनजीची गाडी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची चाचणी झाली आहे का, तेही बघा.

फास्टॅगचं केवायसी पूर्ण नसेल किंवा शिल्लक संपलेली असेल तर नाक्यावर पंचाईत होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नियमाने वैध फास्टॅग नसलेल्या गाडीला रोखीने दुप्पट आणि यूपीआयने सव्वापट टोल पडू लागला. रांगेत उभं राहून रिचार्ज करू, असं म्हणू नका. खाजगी गाड्यांसाठी १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास निघाला आहे. सुरू झाला तेव्हा त्याची किंमत ३,००० रुपये होती आणि त्यात वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते मिळतं. एवढ्या लांबच्या जाऊन-येऊन प्रवासात तो वसूल होतो, म्हणून घ्यावाच. मात्र तो राष्ट्रीय महामार्गांवरच्या नाक्यांपुरताच चालतो. बेंगळुरूला बाहेरून वळसा घालणाऱ्या नाइस रोडसारख्या खाजगी रस्त्यांचा टोल वेगळा भरावा लागतो.

खर्चाचा अंदाज

इथे दिलेल्या मार्गाने जाऊन-येऊन, गावातलं फिरणं धरून, ३,४०० किलोमीटरच्या आसपास होतात. पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल तर २२७ लिटर लागेल. सरासरी १०५ रुपये धरले तर इंधनाचे २४ हजार. डिझेलला यापेक्षा बरंच कमी. बाकी मुक्काम आणि जेवण हे तुमच्या सवयीवर आहे. ठरवलेल्या रकमेच्या वर एक जादा मुक्काम आणि एक टायर यांचे पैसे बाजूला ठेवा आणि ते खर्च होणार नाहीत असं धरू नका.

खोली घेताना भाड्याच्या आधी ‘गाडी रात्री कुठे उभी राहील?’ हे विचारा. आवारात, वॉचमनसमोर जागा असेल तरच घ्या. रोज सकाळी लवकर निघायचं असल्याने हॉटेल गावाच्या मधोमध नको, बायपासला लागून हवं. आणि आदल्या संध्याकाळीच बिल चुकतं करा. पहाटे रिसेप्शनवर माणूस शोधण्यात अर्धा तास जातो.

जाताना

पहिला दिवस, पुणे ते हुबळी, ४३० किलोमीटर. सगळा रस्ता एनएच ४८. खंबाटकी घाट उजाडताना ओलांडता आला तर उत्तम. साताऱ्याच्या पुढे शेंद्रे ते कागल रुंदीकरणाचं काम बरीच वर्षं चाललं आहे. मध्येच सर्व्हिस रोडवर उतरवतात, पुन्हा वर घेतात. हाच या अख्ख्या मार्गावरचा सगळ्यात कंटाळवाणा तुकडा आहे, म्हणून तो पहिल्या सकाळी, माणसं ताजी असताना करायचा. कोगनोळीला कर्नाटक लागतं आणि रस्ता सुधारतो. बेळगाव ते धारवाडच्या मध्ये कित्तूर आहे. राणी चन्नम्माचा किल्ला महामार्गापासून अगदी जवळ असल्याने पाय मोकळे करायला छान थांबा होतो. बेळगावचा कुंदा आणि धारवाडचा पेढा परतीला घ्या, आता घेतला तर घरी पोचणार नाही.

दुसरा दिवस, हुबळी ते तुमकूर, साडेतीनशेच्या आत. पहाटे निघालात तर साडेआठला दावणगेरेत बेण्णे (लोण्याचा) डोसा खायला पोचता. इथून पुढे दोन वाटा आहेत. चित्रदुर्गचा दगडी किल्ला महामार्गालगत आहे आणि नीट बघायला तीन तास हवेत. दुसरी वाट दावणगेरेहून साठेक किलोमीटर आत चन्नगिरीजवळच्या होदिगेरेला जाते. शहाजीराजांचा जानेवारी १६६४ मध्ये तिथेच मृत्यू झाला आणि त्यांची समाधी तिथे आहे. जागा साधी आहे, आजूबाजूला शेतं आहेत, गर्दी नसते. दोन्ही एका दिवसात करायला गेलात तर तुमकूरला अंधार होतो. एकच निवडायचं तर मी होदिगेरे निवडेन. किल्ले आपण पुष्कळ बघतो, या समाधीला मुद्दाम जायला हवं.

मुक्काम तुमकूरला का, बेंगळुरूत का नाही? कारण संध्याकाळी बेंगळुरूत शिरणं आणि सकाळी त्यातून निघणं यात मिळून चार तास सहज जातात. तुमकूरहून पहाटे पाचला निघालात तर शहर जागं व्हायच्या आत तुम्ही त्याच्या पलीकडे असता. नेलमंगला गेलं की माडावरजवळ, मोठ्या प्रदर्शन केंद्राच्या परिसरात, नाइस रोडचा फाटा लागतो. उड्डाणपुलाच्या नादात तो हुकला तर सरळ यशवंतपूरच्या गर्दीत जाल, म्हणून नेलमंगलापासून वेग कमी ठेवा आणि शेजारच्या माणसाला पाट्या वाचायला सांगा. नाइस रोडने इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ होसूर रस्त्याला लागता. नाश्ता होसूरच्या पुढे करा, आधी नको.

हा तिसरा दिवस सगळ्यात मोठा, मदुराईपर्यंत पाचशे किलोमीटर. होसूरनंतर एनएच ४४ कृष्णगिरी, धर्मपुरी, सेलम, नामक्कल, करूर, दिंडिगुल असा जातो आणि बहुतेक ठिकाणी उत्तम आहे. एक जागा मात्र जपायची. धर्मपुरीच्या पुढे सेलमकडे उतरताना तोप्पूरचा घाट लागतो. उतार दिसायला साधा, पण सलग आहे, आणि ब्रेक तापलेले अवजड ट्रक तिथे अनेकदा पुढच्या गाड्यांवर आदळले आहेत. घाट सुरू व्हायच्या आधीच तिसऱ्या गिअरवर या. दोन ट्रकांच्या मध्ये अडकू नका, आणि मागून ट्रक जवळ येताना दिसला तर त्याला वाट द्या.

दुपारी एकच्या आत सेलम ओलांडलं तर मदुराई गाठायचं. नाही ओलांडलं तर दिंडिगुलला थांबायचं, तिथली बिर्याणी खायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तासाभरात मदुराई. हा निर्णय निघायच्या आधीच घरात ठरवून ठेवा. रस्त्यावर थकलेल्या अवस्थेत ‘अजून थोडंच राहिलंय’ हेच उत्तर येतं.

चौथा दिवस मदुराईत गाडी हलवायची नाही. हॉटेल बायपासकडे, मीनाक्षी मंदिराला रिक्षाने. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. हाफपँटवर सोडत नाहीत. दुपारी साडेबाराच्या सुमाराला मंदिर बंद होऊन चारला उघडतं, त्यामुळे सकाळी लवकर जा. दुपारी जिगरठंडा हे तिथलं थंड दुधाचं पेय प्या आणि झोपा. आखणीतला हा मोकळा दिवस मध्येच हवा, शेवटी नको. विश्रांती लागते ती तीन दिवस गाडी चालवून झाल्यावर.

पाचवा दिवस, मदुराई ते कन्याकुमारी, २४५ किलोमीटरचा, सोपा. कोविलपट्टीला शेंगदाण्याची चिक्की, तिरुनेलवेलीला हलवा. शेवटच्या टप्प्यात मुप्पंदलच्या खिंडीजवळ पवनचक्क्यांचं रान लागतं. वारा तिथे एवढ्या जोरात आडवा येतो की उंच गाडी हलते, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरा.

सहावा दिवस कन्याकुमारी. विवेकानंद शिलास्मारकाच्या बोटीची रांग सकाळी आठच्या आधी धरा, समुद्र खवळला तर बोटी बंद होतात. २ सप्टेंबर १९७० ला उद्घाटन झालेलं हे स्मारक ज्यांच्या चिकाटीने उभं राहिलं ते एकनाथजी रानडे अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याचे. मुलांना हे बोटीच्या रांगेतच सांगा. शेजारच्या खडकावर तिरुवळ्ळुवरांचा १३३ फुटी पुतळा आहे, आणि डिसेंबर २०२४ पासून दोन्ही खडकांना जोडणारा काचेचा पूल झाला आहे.

परतीला मराठ्यांच्या वाटेने

आल्या रस्त्याने परत जाऊ नका. सातव्या दिवशी मदुराई, तिरुचिरापल्ली करत तंजावर गाठा, सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर होतात. आठवा दिवस तंजावरचाच. व्यंकोजीराजांनी इथे भोसल्यांचं राज्य उभं केलं. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरून घेतला. हजार वर्षांपूर्वीच्या चोळ मंदिरात, घरापासून एवढ्या दूर, दगडावर ओळीमागून ओळी मराठी वाचताना काय वाटतं ते तिथे उभं राहूनच कळतं. राजवाड्यातलं सरस्वती महाल ग्रंथालय आणि त्याचं संग्रहालय चुकवू नका. दुपारी मंदिर बंद असतं, तेव्हा राजवाडा बघा.

नवव्या दिवशी कुंभकोणममार्गे जिंजी, साधारण दोनशे किलोमीटर. जिंजीत लॉज बेताचे आहेत. बरी खोली हवी असेल तर चाळीसेक किलोमीटर पुढे तिरुवण्णामलैला राहा आणि सकाळी मागे या. किल्ला सकाळी लवकरच चढायचा. राजगिरी या मुख्य टेकडीच्या पायऱ्या उभ्या आहेत आणि दगड दहाच्या पुढे तापतात. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये जिंजी घेतली आणि राजाराम महाराजांनी इथूनच मोगलांशी झुंज दिली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटा. प्रत्येकी दोन लिटर पाणी घ्या, माकडांपासून पिशव्या सांभाळा, गुडघे दुखणाऱ्यांना खालचं कल्याण महाल आणि धान्यकोठारं दाखवा.

दहाव्या दिवशी किल्ला उतरून तिरुवण्णामलै, कृष्णगिरीमार्गे संध्याकाळपर्यंत होसूर. अकराव्या पहाटे पुन्हा नाइस रोडने बेंगळुरू ओलांडून हुबळी, आणि बाराव्या दिवशी पुणे. सुट्टी तेरा-चौदा दिवसांची टाका. एक दिवस गाडीसाठी, पावसासाठी किंवा कुणाच्या पोटासाठी लागतोच.

रोजची शिस्त

दर दोन तासांनी थांबा, दोघं चालवणारे असतील तर तेव्हाच अदलाबदल करा. चालवणाऱ्याने दुपारी पोटभर भात खाऊ नये. दक्षिणेकडचं केळीच्या पानावरचं जेवण कितीही खुणावलं तरी ते मुक्कामी, रात्री. एक ते तीन ही झोपेची वेळ असते, डोळे जड झाले तर गाणी मोठ्याने लावून काही होत नाही. पेट्रोल पंपावर सावलीत गाडी लावून वीस मिनिटं झोपा. स्वच्छतागृहासाठी मोठे पंप आणि मोठी रेस्टॉरंट धरा, टाकी निम्मी झाली की भरा म्हणजे हे थांबे आपोआप होतात. मागे बसलेल्यांनीही बेल्ट लावायचा.

गाडी बंद पडली तर ती जमेल तितकी डावीकडे घ्या, हझार्ड दिवे लावा, सगळ्यांना उतरवून लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करा. मग त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे ठेवा आणि त्यानंतर फोन. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर मिळते, अपघात असेल तर ११२. जागा सांगताना कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा, मदत लवकर पोचते. टायर उजव्या बाजूचा फुटला असेल आणि वाहतूक जोरात असेल तर स्वतः बदलायला बसू नका.

शेवटच्या दिवशी घराची ओढ लागते आणि नेमकं तिथेच जपायला हवं. पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी तिथे बरेच जीव घेतले आहेत. बोगद्यातून बाहेर पडतानाच गिअर खाली घ्या, ट्रकच्या पुढे-मागे राहू नका, आणि पुलाजवळ वाहतूक थांबलेली असेल हे धरूनच उतरा.